टोरांटो हस्कीज, १९४६-४७ : जागामालकांच्या लीगमधला भाडेकरू

एनबीए, म्हणजे अमेरिकेतली सर्वांत मोठी बास्केटबॉल लीग, आपला पहिला सामना म्हणून जो मोजते, तो अमेरिकेत झालेला नाही. १ नोव्हेंबर १९४६, शुक्रवार, कॅनडातलं टोरांटो शहर. यजमान टोरांटो हस्कीज नावाचा नवाकोरा संघ, पाहुणे न्यूयॉर्क निकरबॉकर्स, म्हणजे आजचे निक्स. पाहुणे ६८-६६ असे जिंकले. निक्स आजही खेळताहेत. हस्कीजने १९४७च्या उन्हाळ्यात गाशा गुंडाळला. एक हंगाम, साठ सामने, बावीस विजय आणि चार प्रशिक्षक, एवढाच त्यांचा संसार.

या संघाचा विषय निघाला की निकाल सहसा एका वाक्यात लागतो : कॅनडा हॉकीवेडा देश (हॉकी म्हणजे इथे सगळीकडे बर्फावरची आइस हॉकी), तिथे बास्केटबॉल बघायला कोण येणार? हे उत्तर खोटं नाही, पण फार सोयीचं आहे. बोस्टनही हॉकीचंच गाव होतं. त्याच हंगामात, त्याच गटात बोस्टन सेल्टिक्सची कामगिरी होती २२ विजय आणि ३८ पराभव. टोरांटोचीही तंतोतंत तेवढीच. दोघे मिळून पूर्व गटाच्या तळाशी बसले होते. त्यातला एक पुढे बास्केटबॉलमधलं सगळ्यात मोठं नाव झाला आणि दुसऱ्याला पहिला वाढदिवससुद्धा पाहता आला नाही. हा फरक कुठून आला, हे या प्रकरणात बघायचं आहे.

पार्श्वभूमी

६ जून १९४६ रोजी न्यूयॉर्कच्या हॉटेल कमोडोरमध्ये काही मंडळी जमली आणि त्यांनी बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका, थोडक्यात बीएए, ही लीग स्थापन केली. यातले बहुतेक जण बास्केटबॉलवाले नव्हते. मोठमोठ्या बंदिस्त क्रीडागृहांचे ते मालक किंवा चालक होते आणि त्यांचा मूळ धंदा हॉकीचा. अध्यक्ष म्हणून त्यांनी निवडले मॉरिस पोडोलॉफ. हे गृहस्थ पेशाने वकील आणि अमेरिकन हॉकी लीगचे विद्यमान अध्यक्ष. ते पद सांभाळूनच त्यांनी हेही घेतलं.

या मंडळींचं गणित समजून घेतलं तर पुढची बरीचशी गोष्ट आपोआप उलगडते. बारा-तेरा हजार माणसं बसवणारी इमारत उभी असते, तिचा खर्च रोज चालू असतो. हॉकीचा संघ आठवड्यातल्या एक-दोन संध्याकाळी ती भरतो. कधी मुष्टियुद्ध, कधी सर्कस, कधी बर्फावरच्या नाचाचा खेळ. बाकीच्या रात्री दिवे बंद. दुसरीकडे नेड आयरिश या गृहस्थांनी १९३४ पासून न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये कॉलेज संघांचे सामने भरवून दाखवून दिलं होतं की बास्केटबॉलला तिकीट काढून गर्दी होते. महायुद्ध संपलेलं, लोकांच्या खिशात पैसा, करमणुकीची भूक. मग रिकाम्या तारखा भरायला आपलीच एक लीग का नको?

व्यावसायिक बास्केटबॉल तेव्हा अस्तित्वात नव्हतं असं नाही. नॅशनल बास्केटबॉल लीग होती आणि खरं तर अधिक चांगले खेळाडू तिच्याकडेच होते. पण तिचे संघ शेबॉयगन, ऑशकॉश, फोर्ट वेन अशा लहान गावांतले. बीएएकडे मोठी शहरं होती आणि मोठ्या जागा होत्या. खेळाडू मागाहून येतील, हा हिशोब. (तो हिशोब बरोबर निघाला. १९४९ साली दोन्ही लीग एकत्र आल्या आणि एनबीए हे नाव पडलं. एनबीए आपला इतिहास बीएएपासून मोजते, म्हणून टोरांटोचा तो शुक्रवार पहिला ठरतो.)

अकरा संघ ठरले. बोस्टनमागे बोस्टन गार्डन चालवणारे वॉल्टर ब्राउन, न्यूयॉर्कमागे मॅडिसन स्क्वेअर गार्डन, क्लीव्हलँडमागे क्लीव्हलँड अरीनाचे अल सटफिन. बहुतेक ठिकाणी जागा ज्याची, संघ त्याचा.

टोरांटोत तसं नव्हतं. तिथली जागा म्हणजे १९३१ साली बांधलेलं मेपल लीफ गार्डन्स. ते होतं त्याच नावाच्या कंपनीचं, आणि कंपनीवर पकड कॉन स्माइथ यांची. स्माइथ म्हणजे टोरांटो मेपल लीफ्स हा हॉकी संघ, आणि मेपल लीफ्स म्हणजे टोरांटो. हस्कीज हा मात्र वेगळ्या भागीदारांचा संघ. त्यांतले दोघे महत्त्वाचे : पैसेवाले एरिक क्रॅडॉक, आणि कारभार पाहणारे लू हेमन. हेमन मूळचे अमेरिकन, कॉलेजात असताना स्वतः नावाजलेले बास्केटबॉलपटू. पण कॅनडात त्यांची कीर्ती फुटबॉलची (चेंडू हातात घेऊन धावायचं ते कॅनडियन फुटबॉल). टोरांटो अर्गोनॉट्सचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी १९३३, १९३७ आणि १९३८ असा तीनदा ग्रे कप, म्हणजे त्या फुटबॉलचा सर्वोच्च चषक, जिंकून दिला होता. म्हणजे माणूस अननुभवी अजिबात नव्हता. फक्त त्याच वर्षी, १९४६ साली, हेमन आणि क्रॅडॉक यांनी मॉन्ट्रियलमध्ये अलुएट्स हा फुटबॉल संघही काढला होता आणि हेमन त्याचे प्रशिक्षक होते. एका वर्षात दोन शहरांत दोन नवे संघ. त्यांतला फुटबॉलचा हंगाम शरद ऋतूत ऐन रंगात येतो, म्हणजे नेमका बास्केटबॉल सुरू होतो तेव्हा.

अडचण नेमकी काय होती

प्रेक्षकांना खेळ माहीत नव्हता, ही अडचण सगळे सांगतात. निक्सचा संघ आगगाडीने टोरांटोला निघाला तेव्हाचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. सीमेवरच्या कॅनडियन अधिकाऱ्याला न्यूयॉर्क रेंजर्स हा हॉकी संघ ठाऊक होता, हे निक्स कोण ते कळेना. आम्ही बास्केटबॉल खेळतो म्हटल्यावर, इकडे तुमचा खेळ समजणारे फारसे भेटतील असं वाटत नाही, असं त्याने सांगून टाकलं. निक्सचे सनी हर्ट्झबर्गही पुढे सांगत की सुरुवातीला त्या प्रेक्षकांना जंप बॉल (दोन खेळाडूंच्या मध्ये चेंडू वर उडवून खेळ सुरू करणं) म्हणजे हॉकीतला फेस-ऑफच वाटत होता. पण हळूहळू त्यांना खेळ कळू लागला आणि आवडूही लागला, असंही त्यांनीच म्हटलं आहे. हे दुसरं वाक्य सहसा कुणी सांगत नाही.

त्यापेक्षा अवघड अडचण कॅलेंडरची होती. तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. कुठल्याही शहरात करमणुकीचा गल्ला भरतो तो शनिवारी आणि रविवारी. टोरांटोत शनिवारची रात्र मेपल लीफ्सची. गार्डन्समध्ये हॉकी आणि घरोघरी रेडिओवर फॉस्टर ह्यूइटचं समालोचन, हा सगळ्या इंग्रजीभाषक कॅनडाचा रिवाज. आणि रविवारी व्यावसायिक खेळांना शहरात बंदीच होती. टोरांटो तेव्हा कर्मठ प्रोटेस्टंट शहर. रविवारचे खेळ तिथे सुरू झाले ते १९५० साली मतदान घेतल्यानंतर. थोडक्यात, शनिवार हॉकीचा, रविवार देवाचा. हस्कीजच्या वाट्याला उरलेले वार.

अमेरिकेतल्या जागामालकाला मधल्या वारी तीन हजार माणसं आली तरी चालण्यासारखं होतं. रिकामी इमारत त्याचीच, तिकिटाचे पैसे त्याचेच, खाण्यापिण्याच्या विक्रीत वाटेकरी नाही. संघाच्या वहीत तोटा दिसला तरी इमारतीच्या वहीत काहीतरी जमा होतंच. भाडेकरूला ही सोय नाही. त्याच्या एकाच वहीत खेळाडूंचे पगार, प्रवास, जाहिरात आणि वर जागेचं भाडं. बीएए ही लीग आखलीच होती जागामालकांसाठी, आणि तिच्यात भाडेकरू म्हणून शिरायचं म्हणजे ज्या फायद्यासाठी बाकीचे आले तो फायदा सोडून फक्त जोखीम घ्यायची. माझ्या मते हस्कीजच्या गोष्टीतला पहिला आणि सर्वांत महागात पडलेला निर्णय हाच. तो पहिला चेंडू उडण्याआधीच झालेला होता.

तिसरी अडचण खेळाडूंची. लीगने प्रत्येक संघाच्या पगारखर्चाला ५५,००० डॉलरची मर्यादा घातली होती. त्यात दुसऱ्या देशात येऊन राहायला तयार असणारे चांगले अमेरिकन खेळाडू मिळवायचे होते. कॅनडातून कोण घेता येईल, हा प्रश्न वेगळा. त्याकडे नंतर येतो.

समोर असलेले पर्याय

प्रशिक्षक निवडताना दोन रस्ते होते. पूर्णवेळ प्रशिक्षक नेमायचा, किंवा एखाद्या मोठ्या खेळाडूलाच प्रशिक्षक करून एका पगारात दोन कामं करून घ्यायची. दुसरा रस्ता स्वस्त. शिवाय जाहिरातीत एकच ठसठशीत चेहरा. त्यासाठी माणूसही होता : एड सॅडॉस्की, धिप्पाड सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू), नॅशनल लीगमध्ये फोर्ट वेनकडून खेळलेला.

प्रेक्षक मिळवण्याच्या बाबतीतही दोन रस्ते. एक म्हणजे कुतूहल जागवून गर्दी खेचायची. दुसरा संथ : शाळा, वायएमसीए, विद्यापीठं यांतून ज्यांना खेळ आधीच माहीत आहे त्यांना आपलंसं करायचं, आणि संघात त्यांच्या ओळखीची माणसं ठेवायची. दुसऱ्यासाठी दोन-तीन वर्षांची बेगमी लागते.

इथे एक थांबा घ्यायला हवा. कॅनडात बास्केटबॉल परका होता, हे बोलणं मुळात अर्धवट आहे. खेळाचा जनक जेम्स नेस्मिथ ओंटारिओ प्रांतातल्या आल्मंटचा. एडमंटन ग्रॅड्स हा महिलांचा संघ १९१५ ते १९४० अशी पंचवीस वर्षं जवळजवळ अजिंक्य होता. १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा अधिकृतपणे खेळला गेला, तेव्हा अंतिम सामना अमेरिका विरुद्ध कॅनडा असाच झाला. उघड्या मैदानावर, पावसाच्या चिखलात अमेरिकेने तो १९-८ असा जिंकला आणि कॅनडाला रौप्य मिळालं. त्या कॅनडियन संघाचा कणा होता विंडसर या गावचा फोर्ड व्ही-एट्स संघ. विंडसर म्हणजे डेट्रॉइटच्या समोर, नदीपलीकडे. म्हणजे ओंटारिओत बास्केटबॉलचं बी होतं, चांगलं रुजलेलंही होतं. फक्त ते टोरांटोत नव्हतं, टोरांटोपासून साडेतीनशे किलोमीटरवर होतं.

काय केलं : पहिली रात्र

हस्कीजने कुतूहलाचा रस्ता धरला. संघातला सर्वांत उंच खेळाडू जॉर्ज नॉस्ट्रँड, ६ फूट ८ इंच. वर्तमानपत्रांत त्याचा फोटो छापून आव्हान दिलं गेलं : याच्याहून उंच असाल तर पहिल्या सामन्याला फुकट या. बाकीच्यांना तिकीट ७५ सेंट ते अडीच डॉलर. शक्कल चांगली होती. आज कुणी केली तरी चार माणसं हसून वाचतील. पण ती सांगत होती ती खेळाडूंच्या उंचीबद्दल, खेळाबद्दल नाही.

त्या रात्री ७,०९० प्रेक्षक आले. इमारतीच्या मानाने हा आकडा अर्ध्याहून थोडा जास्त, पण नव्या खेळाच्या पहिल्या सामन्याला वाईट म्हणता येणार नाही. निक्सच्या ऑसी शेक्टमनने पहिली बास्केट केली, जी आज एनबीएच्या इतिहासातली पहिली बास्केट मानली जाते. दुसऱ्या क्वार्टरमध्ये निक्स ३३-१८ असे पुढे निघून गेले होते. मध्यंतराला ३७-२९. सॅडॉस्की एकटा झुंजत होता, त्याने १८ गुण केले, सामन्यात सर्वांत जास्त. आणि उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच फाउलची मर्यादा भरून तो बाहेर गेला.

गंमत अशी की तो बाहेर गेल्यावर संघ सावरला. त्याच्या जागी आलेल्या नॉस्ट्रँडने, म्हणजे जाहिरातीतल्या त्या उंच माणसानेच, ४४-४३ अशी आघाडी मिळवून दिली. तिसऱ्या क्वार्टरअखेर हस्कीज ४८-४४ पुढे. शेवटच्या मिनिटांत निक्सने सामना खेचून नेला. दोन गुणांनी हार. पहिल्यांदाच आलेल्या प्रेक्षकासाठी याहून रंगतदार सामना मागूनही मिळाला नसता.

पण या सामन्यातच खेळाडू-प्रशिक्षक या व्यवस्थेचं दुखणं उघडं पडलं होतं. संघाचा सर्वांत चांगला खेळाडू, गुण करणारा मुख्य माणूस आणि बदली कुणाला पाठवायचं हे ठरवणारा, तिघेही एकच. तो दमला, चिडला किंवा फाउलमध्ये अडकला की तिन्ही कामं एकदम अडकणार. त्यातून तो संघ सोडून गेला तर?

काय केलं : नंतरचे दोन महिने

तो गेलाच. बारा सामने झाले, तीन जिंकले, नऊ हरले, आणि सॅडॉस्कीने हस्कीज सोडला. अदलाबदलीत तो क्लीव्हलँड रेबेल्सकडे गेला. एका झटक्यात संघाने प्रशिक्षक, सेंटर आणि जाहिरातीतलं नाव, तिन्ही गमावलं. तो खेळाडू म्हणून संपलेला होता असंही नाही. पुढच्याच हंगामात तो बोस्टनकडून खेळला आणि लीगच्या सर्वोत्तम पाच जणांत निवडला गेला.

मग एका सामन्यासाठी स्वतः हेमन प्रशिक्षक झाले, तो हरले. त्यानंतर तीन सामने डिक फिट्झगेराल्ड या खेळाडूने संघ सांभाळला आणि दोन जिंकले. मग आले रेड रॉल्फ. रॉल्फ म्हणजे न्यूयॉर्क यँकीजचे गाजलेले माजी तिसरे बेसमन. नाव मोठं, पण बेसबॉलमधलं. हे खरं की युद्धकाळात त्यांनी येल विद्यापीठात बास्केटबॉलही शिकवलं होतं, त्यामुळे निवड वरवर वाटते तेवढी विचित्र नव्हती. उरलेल्या ४४ सामन्यांत त्यांनी १७ जिंकले, २७ हरले.

आकडे मांडून पाहिले तर रॉल्फ येण्याआधीच्या १६ सामन्यांत ५ विजय, आले त्यानंतर ४४ मध्ये १७. सुधारणा झाली, पण ती तळातून उठून तळाच्या जरा वर येण्याइतकी. पूर्व गटातून बाद फेरीत जाणारा तिसरा संघ निक्स, ३३ विजय. हस्कीज त्यांच्यापासून ११ विजय मागे राहिले. वरचा वॉशिंग्टन कॅपिटल्स तर प्रशिक्षक रेड ऑरबाखच्या हाताखाली ४९-११ (४९ विजय, ११ पराभव) अशा उंचीवर होता.

यात एक गोष्ट मला खटकते. संघ अडचणीत येतो त्या दिवसांत मालकांचं लक्ष कुठे असतं, हे महत्त्वाचं. हेमन हंगामाच्या सुरुवातीला मॉन्ट्रियलच्या फुटबॉलमध्ये गुंतलेले होते. सॅडॉस्कीशी बिनसतंय हे वेळीच हेरून मधला मार्ग काढायला कारभारी जागेवर असावा लागतो. प्रशिक्षकपद काढून घ्यायचं पण खेळाडू टिकवायचा, असा मार्ग कदाचित निघाला असता. निघालाच असता असं नव्हे. सॅडॉस्की पुढच्या काळातही एका संघात फार टिकणारा माणूस नव्हता. पण संघ सोडून जाईपर्यंत गोष्ट ताणली गेली, एवढं तर दिसतंच.

कॅनडियन खेळाडूंचं काय? दोघे होते, आणि दोघेही विंडसरमध्ये तयार झालेले : हँक बियासाटी आणि जीनो सोव्रान. दोघांच्याही वाट्याला मोजके सामने आले. बियासाटी इटलीत जन्मलेले आणि विंडसरमध्ये वाढलेले. लीगमधले पहिले परदेशी खेळाडू म्हणून त्यांची आज नोंद होते. ते लवकरच बेसबॉलकडे वळले आणि १९४९ साली फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सकडून मेजर लीगमध्येही खेळले. म्हणजे गुणी माणूस होता. पण बारा अमेरिकन खेळाडूंत एखाद-दुसरा कॅनडियन, तोही बाकावर. टोरांटोकराने ‘आपला’ म्हणून नेमकं कुणाकडे बघायचं होतं?

त्याच वसंतात मेपल लीफ्सने स्टॅन्ली कप, म्हणजे हॉकीतला सर्वोच्च चषक, जिंकला. त्यानंतर १९४८ आणि १९४९ मध्येही. हस्कीजच्या दुर्दैवात ही भर कुणाच्याच हातची नव्हती.

निष्पत्ती

हंगाम संपला तेव्हा लाखभर डॉलर बुडाल्याचं सांगितलं जातं. १९४७च्या उन्हाळ्यात भागीदारांनी संघ बंद केला. त्याच उन्हाळ्यात क्लीव्हलँड रेबेल्स, डेट्रॉइट फाल्कन्स आणि पिट्सबर्ग आयर्नमेन हेही बंद पडले. अकरातले चार गेले. बाल्टिमोरचा एक संघ दुसऱ्या लीगमधून आणून आठ संघ उभे केले गेले, आणि पुढचा हंगाम साठऐवजी ४८ सामन्यांचा झाला.

आता इथे माझ्याच मांडणीला एक धक्का बसतो. क्लीव्हलँड, डेट्रॉइट, पिट्सबर्ग हे भाडेकरू नव्हते. त्यांच्यामागे जागामालकच होते, तरी ते बंद पडले. क्लीव्हलँड तर ३०-३० अशा बऱ्या कामगिरीनंतर. मग भाडेकरूपणाचा मुद्दा कितपत टिकतो?

टिकतो, पण थोडा वळवून घ्यावा लागतो. जागा स्वतःची असेल तर संघ चालवायचा की नाही, हा निर्णय मालकाच्या हातात राहतो. त्याला वाटलं की बास्केटबॉलपेक्षा आणखी काही आणलेलं बरं, तर तो संघ बंद करून तीच संध्याकाळ दुसऱ्या खेळाला देतो. त्याची इमारत जागेवर राहते. त्याला वाटलं की थांबायचं, तर तो तोटा सोसत थांबू शकतो. वॉल्टर ब्राउन थांबले. बोस्टनचे पहिले हंगाम खराब गेले, पैसे बुडत राहिले, पण त्यांनी हात सोडला नाही. हस्कीजच्या भागीदारांकडे थांबण्याचं एकच साधन होतं : आणखी पैसे घालणं. आणि घातलेल्या पैशातला एक वाटा दर सामन्यागणिक दुसऱ्याच्या इमारतीला जाणार.

तेव्हा बंद करण्याचा निर्णय मी चुकीचा म्हणणार नाही. प्रॉव्हिडन्स स्टीमरोलर्सकडे पाहा. पहिल्या हंगामात २८-३२, टोरांटोपेक्षा बरे. ते चिकटून राहिले. दुसऱ्या हंगामात ६-४२, तिसऱ्यात १२-४८, आणि मग तेही संपले. शिकागो आणि सेंट लुईस १९५० साली गेले, आणि सुरुवातीला ४९-११ ची शान मिरवणारं वॉशिंग्टन १९५१च्या जानेवारीत, हंगामाच्या मध्यातच. मूळच्या अकरांतले आज तीनच उरलेत : बोस्टन, न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाहून सॅन फ्रान्सिस्कोला गेलेले वॉरियर्स. चिकाटीने संघ तगला असता असं म्हणणं सोपं आहे, पण चिकाटी धरणाऱ्यांतलेही बहुतेक बुडाले.

टोरांटोत मात्र बास्केटबॉलची जागा बराच काळ रिकामी राहिली. १९७०च्या दशकात बफेलो ब्रेव्ह्जने आपले काही घरचे सामने मेपल लीफ गार्डन्समध्ये खेळून पाहिले, तेवढंच. टोरांटोचा आजचा एनबीए संघ, रॅप्टर्स, आला तो १९९५ मध्ये. त्यांचं नाव ठरत असताना हस्कीज हे जुनं नाव परत घ्यायचा विचार झाला होता, पण हस्की या कुत्र्याचं चिन्ह मिनेसोटा टिंबरवुल्व्हजच्या लांडग्यासारखं दिसेल म्हणून तो मागे पडला. पुढे रॅप्टर्सने काही सामन्यांना हस्कीजच्या धाटणीचे गणवेश घातले. गार्डन्सची इमारत अजून उभी आहे. खाली लॉब्लॉजचं किराणा दुकान आणि वर विद्यापीठाचं क्रीडा केंद्र. टोरांटोत राहणाऱ्या मराठी मंडळींना चर्च आणि कार्लटन रस्त्यांच्या कोपऱ्यावरचं हे दुकान ठाऊक असेल. तिथल्या एका रांगेत फरशीवर लाल ठिपका आहे, तो हॉकीच्या मैदानाचा मध्य दाखवतो.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं म्हणजे, संघ काढण्याआधी जागेचा सौदा. भाडं देणारा म्हणून न जाता गार्डन्सच्या कंपनीलाच संघात भागीदार करून घेण्याचा प्रयत्न करायला हवा होता. स्माइथ यांनी नकार दिला असता, अशीच शक्यता अधिक. पण मग तो नकार हीच एक बातमी होती. ज्याच्या हाती जागा आहे त्यालाच या खेळात पैसा दिसत नसेल, तर जागामालकांच्या लीगमध्ये आपण कशासाठी जातोय, हे पुन्हा तपासायला हवं होतं.

दुसरं, प्रशिक्षक. खेळाडू-प्रशिक्षकाची बचत ही खोटी बचत ठरली. रॉल्फसारखा पूर्णवेळ माणूस शेवटी आणावा लागलाच. तोच पहिल्या दिवशी आणून सॅडॉस्कीला फक्त खेळू दिलं असतं, तर नोव्हेंबर-डिसेंबरचा गोंधळ टळण्याची शक्यता होती. आणि प्रेक्षक नव्या संघाबद्दल मत बनवतो ते त्याच दोन महिन्यांत.

तिसरं, विंडसर. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खुणावतो. दोन खेळाडू बाकावर ठेवण्याऐवजी चार-पाच जणांना खऱ्या अर्थाने खेळवलं असतं, तर सामने कदाचित आणखी दोन-चार हरले असते. बावीस विजयांचे अठरा झाले असते. पण अठरा आणि बावीस यांत तळाच्या संघाला काय फरक पडतो? शहरातल्या वर्तमानपत्रांना मात्र लिहायला ओळखीची नावं मिळाली असती. रौप्यपदक मिळून दहाच वर्षं झाली होती आणि त्या पदकाची आठवण जाहिरातीत नॉस्ट्रँडच्या उंचीपेक्षा जास्त कामाला आली असती, असं माझं मत.

आणि एक पर्याय असा, जो लीगमध्ये कुणीच वापरला नाही. १९४६ सालीच जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू मॉन्ट्रियल रॉयल्सकडून बेसबॉल खेळत होता आणि मॉन्ट्रियलने त्याला डोक्यावर घेतलं होतं. त्याच शहरात, त्याच वर्षी, खुद्द हेमन यांनी अलुएट्ससाठी हर्ब ट्रॉविक या कृष्णवर्णीय खेळाडूला घेतलं. कॅनडियन व्यावसायिक फुटबॉलमधला तो पहिला कृष्णवर्णीय. ट्रॉविक तिथे वर्षानुवर्षं खेळला आणि १९४९ साली अलुएट्सने ग्रे कप जिंकला तेव्हा संघात होता. बीएएमध्ये आणि नंतरच्या एनबीएमध्ये १९५०च्या हंगामापर्यंत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. उत्तम खेळाडूंची एक अख्खी फळी न्यूयॉर्क रेन्स आणि हार्लेम ग्लोबट्रॉटर्ससारख्या संघांत अडकून पडली होती. सीमेपलीकडचा एकमेव संघ, ज्याच्या कारभाऱ्याने हे पाऊल दुसऱ्या खेळात नुकतंच उचललेलं आहे, तो हे करू शकला असता का? बाकीच्या दहा मालकांनी ते खपवून घेतलं असतं की नाही, याची मला दाट शंका आहे. सामने तर अमेरिकेतल्या शहरांतच जाऊन खेळायचे होते. पण मॉन्ट्रियलमध्ये जो माणूस हा धोका पत्करतो, तोच टोरांटोत सॅडॉस्कीला दोन पदं देऊन पैसे वाचवू पाहतो. हेमन यांचं मन कुठल्या संघात होतं, हे मला यातून दिसतं.